शिखराची वाट सुधारताना आधी पाणी पाहावे

प्रश्न : आमच्या गिर्यारोहण मंडळाकडे एका लोकप्रिय शिखरवाटेच्या सुधारणेचा आराखडा करण्याचे काम आले आहे. मधल्या टप्प्यात वाट दहा-बारा पावले रुंद झाली असून माथ्याखालच्या घसाऱ्यावर लोक घसरतात. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सिमेंटच्या पायऱ्या आणि लोखंडी कठडा करावा, असा बहुतेक सभासदांचा आग्रह आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : पायऱ्यांचा विषय काही काळ बाजूला ठेवावा, ही माझी पहिली विनंती आहे. चालणाऱ्यांचे पाय माती सैल करतात, पण ती वाहून नेते पाणी. त्यामुळे पाण्याचा बंदोबस्त न करता बांधलेल्या पायऱ्यांच्या खालची आणि कडेची माती निघून जाते आणि त्या अधांतरी राहतात. म्हणून चांगला पाऊस चालू असताना, जेथवर जाणे सुरक्षित असेल तेथवर, दोन-तीन जाणत्या सभासदांनी वाटेने चालून यावे आणि पाणी वाटेत कोठे शिरते व कोठून बाहेर पडते, याच्या खुणा नकाशावर कराव्यात. एका वाटेवर मी असाच चाललो होतो, तेव्हा बोटभर धारेने वाटेत शिरलेले पाणी शंभरएक पावलांनंतर घोट्याला लागत होते, कारण मधल्या अंतरात त्याला बाहेर पडण्यास एकही जागा नव्हती. कडेच्या झाडाची मुळे वाटेच्या वर गुडघ्याएवढ्या उंचीवर उघडी पडली होती. तेवढी माती तेथून गेली होती. सुक्या दिवसांत तीच वाट पाहिली असती, तर मी फक्त ‘खोल गेली आहे’ एवढेच टिपून घेतले असते.

वाट आखणारे एक साधा नियम पाळतात : वाटेचा चढ, ती ज्या डोंगरउतारावरून जाते त्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावा (100 पावले आडवे अंतर गेल्यावर 10 पावले उंची वाढली, तर तो 10 टक्के चढ). उतार 40 टक्के असेल, तर वाट जास्तीत जास्त 20 टक्के चढावी. तो 14 टक्केच असेल, तर 10 टक्क्यांची सौम्य वाटसुद्धा पाण्याच्या दृष्टीने ओहोळच ठरते. याशिवाय मातीच्या वाटेचा सरासरी चढ 10 टक्क्यांच्या आसपास ठेवावा, तिचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कलता असावा आणि चढत्या वाटेला ठरावीक अंतराने चार-पाच पावले उतरवून पुन्हा चढवावे. अशा खोलगट जागी साचू पाहणारे पाणी आपणहून बाहेर पडते. आडवे दगड किंवा ओंडके लावून पाणी वळवता येते खरे, पण त्यांच्यामागे गाळ साचतो आणि तो वेळोवेळी काढला नाही, तर पाणी त्यांच्यावरून वाहू लागते. गाळ कोण काढणार आणि केव्हा, हे आराखड्यातच लिहून ठेवावे.

जेथे वाट सरळ उताराच्या रेषेत चढते, तेथे दुरुस्तीपेक्षा नवी, तिरकी आखणी बहुतेक वेळा टिकाऊ ठरते. मात्र जुनी वाट तशीच सोडू नये. तिच्यात दगडांचे छोटे अडसर घालून, फांद्या आणि पालापाचोळा पसरून ती दिसेनाशी करावी. नाहीतर उतरणारे सगळे तिच्याकडेच वळतील. नागमोडी वळणे एकमेकांच्या नजरेत राहतील इतकी जवळ आखली, तरीही हेच होते, कारण खालची वाट डोळ्यांसमोर दिसत असताना वळसा घालण्याचा धीर थोड्यांनाच असतो.

वाट रुंद का झाली, याचे कारण बहुधा मध्यावरचा चिखल हेच असेल. चिखल टाळण्यासाठी माणूस गवतावर पाय ठेवतो, गवत मरते, तेथेही चिखल होतो आणि पुढचा आणखी बाहेरून जातो. वनस्पतींची बरीचशी हानी पहिल्या काही वेळांच्या तुडवण्यातच होते, त्यामुळे गर्दीच्या वाटेवर लोकांना पांगवण्याऐवजी एकाच पक्क्या पट्ट्यावर ठेवणे हिताचे असते.

आता पायऱ्या. जेथे तीव्र चढाला दुसरा मार्गच नाही, तेथे त्या जरूर कराव्यात, शक्यतो दगडाच्या. दगडाचा मोठा भाग जमिनीत गाडलेला असावा आणि शेजारचे दगड एकमेकांना अडकलेले असावेत. ब्रिटनमधील डोंगरांवर अशी रचाई झाली आहे आणि नॉर्वेतील कित्येक वाटांवर नेपाळमधून आलेल्या शेर्पा कारागिरांनी दगडी पायऱ्या बांधल्या आहेत. पायरीची उंची वीतभरापेक्षा कमी ठेवावी. उंच पायऱ्या उतरताना गुडघे दुखू लागले की लोक शेजारच्या मातीवरून उतरतात आणि पायऱ्यांना समांतर नवी घळ तयार होते. हे टाळण्यासाठी दोन्ही कडांना ओबडधोबड मोठे दगड बसवावेत.

कठडा मात्र पडल्यास जीव जाईल अशाच जागी लावावा. इतरत्र तो देखभालीचा भार वाढवतो आणि ज्यांची तयारी नाही अशांनाही पुढे नेतो.

प्रश्न : वाट सुधारली की गर्दी आणखी वाढेल. संख्येवर मर्यादा घालणे योग्य आहे का?

उत्तर : अनेक ठिकाणी ती घालावी लागली आहे. अमेरिकेतील हाफ डोम या खडकाळ शिखराच्या माथ्याखाली 1919 पासून धरून चढण्याचे तारदोर आहेत. तरीही गर्दी आवरण्यासाठी 2010 मध्ये तेथे आधी ठरावीक दिवसांपुरते आणि पुढच्या वर्षी रोजच परवाने सुरू करावे लागले. जपानमध्ये फुजी पर्वताच्या योशिदा वाटेवर 2024 पासून दिवसाला 4,000 गिर्यारोहकांची मर्यादा आहे. तेथील आकडे मात्र उचलू नयेत. आपल्या वाटेवर किमान एक पूर्ण हंगाम मोजणी करावी, कारण मर्यादा सर्वांत अरुंद जागेवरून ठरते : त्या टप्प्यातून तासाभरात किती जण सुरक्षितपणे चढू आणि उतरू शकतात, हे घड्याळ हातात घेऊन, गर्दीच्या दिवशी, तेथे उभे राहूनच कळते.