बारावी कॉमर्सनंतर बीबीए करावं का? घरचं दुकान असेल तर उपयोग होतो का?

बारावी कॉमर्सला ६८ टक्के आहेत, घरचं किराणा दुकान आहे, बीबीए (व्यवसाय-व्यवस्थापनाची पदवी) केलं तर तीन वर्षं आणि फी वाया जाईल का, असं तुम्ही विचारलंय. मी अकलूजचा. आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. मी पुण्यात बीबीए केलं आणि आता एका बियाणे कंपनीत विक्री विभागात आहे. प्रश्न अगदी घरचा वाटला, म्हणून सविस्तर लिहितोय.

सीए व्हायचं पक्कं असेल तर बी.कॉम. करा. बीबीएला हजेरी, असाइनमेंट, प्रेझेंटेशन यांत बराच दिवस जातो आणि आर्टिकलशिपबरोबर (सीए होताना करावी लागणारी उमेदवारी) ते सांभाळणं जड जातं. एमबीएसाठी बीबीएच लागतं असं कुणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. देशपातळीवरची कॅट असो की राज्याची एमबीए सीईटी, या प्रवेश परीक्षांना, पदवी कुठल्याही शाखेची चालते, खुल्या गटाला ५० टक्के लागतात. एमपीएससीच्याही बहुतेक पदांसाठी शाखेवर काही अडत नाही. तेव्हा बीबीए घ्यायचं ते त्यात जे शिकवतात त्यासाठीच.

आणि शिकवतात ते कामाचं आहे. पहिल्या वर्षी अकाउंट्स, अर्थशास्त्र, स्टॅटिस्टिक्स, व्यवस्थापनाची तत्त्वं. पुढे कॉस्टिंग, व्यवसायविषयक कायदे, मग मार्केटिंग, फायनान्स किंवा एचआर यांतलं एक. बरीच मुलं फेयॉल या व्यवस्थापन-विचारवंताची १४ तत्त्वं पाठ करतात आणि आकड्यांचे विषय कसेबसे काढतात. माझ्या मते हे उलटं व्हायला हवं.

मला हे कळलं तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला. वर्गातली निम्मी मुलं झेरॉक्सच्या दुकानातून जुना प्रोजेक्ट घेऊन नाव बदलत होती. आमच्या मॅडमनी मला विचारलं, ‘घरी दुकान आहे ना? मग तिथलंच कर.’ दिवाळीच्या सुट्टीत मी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, उधारीच्या वह्या घेऊन बसलो. आमच्याकडे शेतकरी उसाच्या मोठ्या बांधणीला (उसाला मातीची भर लावताना) खत नेतो आणि पैसे देतो ते ऊस कारखान्याला गेल्यावर, बिल निघाल्यावर. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे, पण तिकडे हप्ता लांबला की इकडे आमची वसुली लांबते. मी तीन वर्षांच्या नोंदी एक्सेलमध्ये भरल्या. माल गोदामात सरासरी ४० दिवस, उधारी वसूल व्हायला २१० दिवस, आणि घाऊक व्यापाऱ्याला पैसे द्यायचे ३० दिवसांत. ४० आणि २१० मिळून २५०, त्यातून ३० वजा, म्हणजे खतात घातलेला आमचा रुपया परत हातात यायला २२० दिवस लागत होते! तेवढे दिवस तो बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी उचलायच्या कर्जाच्या) खात्यातून येत होता, व्याजाने. नफा पोत्यामागे दिसत होता आणि व्याजात जिरत होता.

वर्किंग कॅपिटल, म्हणजे खेळतं भांडवल, हा धडा मी परीक्षेसाठी दोनदा वाचला होता. समजला तो त्या रात्री. अण्णा सातवी शिकलेले. त्यांनी कागद नीट पाहिला आणि म्हणाले, ‘हे मला अंगानं माहीत होतं, आकड्यात आज दिसलं.’ पुढच्या हंगामापासून रोखीने नेणाऱ्याला वेगळा भाव लावला आणि जुनी बाकी निम्मी भरल्याशिवाय नवी उधारी बंद केली. काही गिऱ्हाईकं तुटली, त्याचं अण्णांना वाईट वाटलं, मलाही. पण दुसऱ्याच वर्षी सीसीची रक्कम कमी करता आली.

नोकरीच्या मुलाखतीत मला याच प्रोजेक्टवर वीस मिनिटं विचारलं. बाकी मार्कांबद्दल एक प्रश्न. किराण्यात माल रोज फिरतो, तुमचे दिवस कमी निघतील, पण हिशेब हाच. आजच वही काढून करून बघा.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर, मी मराठी माध्यमाचा. पहिलं सेमिस्टर खरंच अवघड गेलं. अकाउंट्सचं पुस्तक मोठ्याने वाचायचो, आणि प्रत्येक प्रेझेंटेशनला पहिला हात वर करायचो. वर्षभरात जमलं.

प्रवेशाचं सांगतो. २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेखाली आले आणि राज्याची वेगळी सीईटी सुरू झाली. १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. त्याच वेळी काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नाव बदलून तो बी.कॉम.च्या अंगाने चालू ठेवला, त्यामुळे माहितीपत्रकावर पदवीचं पूर्ण नाव काय आहे ते वाचा. शिष्यवृत्ती घ्यायची असेल तर प्रवेश कॅप (राज्याची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतूनच घ्या. नव्या शैक्षणिक धोरणामुळे चौथं वर्ष करून ऑनर्सही घेता येतं. दुकान सांभाळायचं असेल तर तीन वर्षं पुरेत.

फीसाठी मोठं कर्ज काढून नावाजलेलं खासगी विद्यापीठ घेऊ नका. फी भरण्याआधी एक दिवस त्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये जाऊन बसा आणि तिसऱ्या वर्षाच्या चार मुलांना विचारा: इंटर्नशिप कुठे केली, ती कॉलेजने मिळवून दिली की स्वतः शोधली, आणि अकाउंट्स कोण शिकवतं. शेवटच्या प्रश्नाला चौघांनीही एकच नाव आनंदाने सांगितलं, तर तिथे प्रवेश घ्या.