सांगलीतल्या आमच्या शेडमध्ये इथेनॉलचा २०० लिटरचा ड्रम असतो. आग लागली तर पाणी मारून विझेल का?

लिटर-दोन लिटर सांडून पेटलं असेल तर भरपूर पाण्याने विझेल, पण ड्रमच पेटला तर पाण्याच्या भरवशावर राहू नका. इथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळतं, त्यामुळे पाण्याने ते पातळ होतं; मात्र किती पातळ, हे महत्त्वाचं. शुद्ध इथेनॉलची वाफ साधारण १३-१४ अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकते, निम्मं पाणी घातल्यावर २४ला, २० टक्के उरलं तरी ३६च्या आसपास. एप्रिलमधल्या सांगलीच्या दुपारी हवाच त्याहून तापलेली असते! म्हणून पाणी निदान दहापट हवं, आणि ड्रमला ते पुरवणं शक्य नाही. उलट भरून वाहिलेलं जळतं द्रव शेडभर पसरतं.

शेडमध्ये हे ठेवा:
- ड्राय पावडरचं सिलिंडर.
- अल्कोहोलला टिकणारा फोम. पेट्रोलसाठीचा साधा फोम घेऊ नका, इथेनॉल त्यातलं पाणी ओढून घेतं आणि फेस बसतो.

इथेनॉलची ज्योत फिकट निळी असते, भर उन्हात दिसतही नाही. आग नाही असं समजून जवळ जाऊ नका. वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत गटारातून लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. ओतताना लोखंडी ड्रम आणि भांडं तारेने जोडून अर्थिंग द्या.

हे सगळं निव्वळ इथेनॉलबद्दल. पेट्रोल मिसळलेलं असेल तर थोड्या सांडलेल्यावरही पाणी मारू नका, पेट्रोल वर तरंगत जळत राहतं.