घर पावसाळ्यात बघा

प्रश्न : आम्ही नवरा-बायको नुकतेच निवृत्त झालो. पुण्यात कर्वेनगर भागात 1988 सालच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट 62 लाखांना मिळतोय. वर आणखी एक मजला आहे, लिफ्ट नाही. भाडं 19 हजार सहज येईल, असं एजंट म्हणतो. घर नुकतंच रंगवलेलं आहे, छान दिसतं. भाड्याच्या उत्पन्नासाठी घ्यावं का, काकू?
— एक वाचक दांपत्य, चिंचवड

उत्तर : ‘नुकतंच रंगवलेलं’ वाचलं आणि माझे कान टवकारले. रंग सगळ्या घराला दिलाय की एकाच खोलीला?

माझा पहिला भाड्याचा फ्लॅट मी ऐन मार्चमध्ये बघितला. इमारत तुमच्यासारखीच, ऐंशीच्या दशकातली. मागच्या बेडरूममध्ये डिस्टेंपरचा ताजा वास येत होता आणि हॉलमध्ये अजिबात नव्हता. गृहकर्ज विभागात बत्तीस वर्षं काढलेल्या बाईला तेवढ्यावरून कळायला हवं होतं. नाही कळलं. जुलैत भाडेकरू मुलीचा फोन आला, “काकू, ट्यूबलाइटच्या पट्टीतून पाणी टपकतंय.”

वर ऐंशीच्या घरातल्या एक आजी राहत. मी लाडवांचा डबा घेऊन गेले. कुठून गळतंय हे शोधायची पद्धत सोपी आहे. रात्रभर वरच्या घराचा पाण्याचा कॉक बंद ठेवायचा. गळती थांबली, तर दोष नळाच्या पाइपात. आंघोळ झाली की तासाभराने टपकत असेल, तर नहाणीत. आम्ही नहाणीच्या जाळीवर बोळा कोंबला, रंगपंचमीचा उरलेला लाल रंग कालवून पाणी साठवलं आणि एक दिवस थांबलो. दुसऱ्या दिवशी माझ्या छताला गुलाबी डाग! नियमाने हा खर्च वरच्यांचा. संडास-बाथरूमची आतली गळती त्या त्या सभासदाकडे, आणि गच्ची व मुख्य पाइप सोसायटीकडे. पण आजींचं पेन्शन किती हे मला ठाऊक होतं. मी अर्धे पैसे घातले, गवंड्याने फरशी उखडून कोबा नव्याने केला. भांडत बसले असते, तर त्या काळात भाडेकरू सोडून गेली असती.

तेव्हा हे घर जुलै-ऑगस्टमध्ये, चार दिवस सलग पाऊस झाल्यावर पुन्हा बघा. तुमच्या डोक्यावर गच्ची नाही हे चांगलं, पण वरच्यांची बाथरूम आहे. सोबत किल्ली किंवा नाणं घ्या आणि छताचा नि खांबांचा गिलावा वाजवून बघा. पोकळ आवाज आला किंवा तांबूस रेघ दिसली, की आतली सळई गंजलीय असं धरा. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. त्यावर पुट्टी मारून रंग देणं म्हणजे फोडावर पावडर लावणं. नळ जुन्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपांचे असतील तर सगळे एकदम सोडून बघा. हे पाइप आतून गंजून बुजत जातात. स्वयंपाकघराचा नळ उघडल्यावर बाथरूमची धार करंगळीएवढी झाली, तर पाइप बदलायचा खर्च आजच किमतीत धरा. वायरिंगला अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. त्या काळी घरात एक फ्रिज आणि दोन पंखे असत. आजचा भाडेकरू एसी, गीझर नि इंडक्शन घेऊन येतो.

मोझॅकची फरशी मात्र उखडू नका. घासून पॉलिश करा. लोक हौसेने व्हिट्रिफाइड बसवतात आणि एकही रुपया भाडं वाढत नाही.

आता हिशेब. 19 हजारांचे वर्षाला 2 लाख 28 हजार. दोन भाडेकरूंच्या मध्ये घर महिनाभर रिकामं राहतंच, त्याचे 19 हजार गेले. सोसायटीचे महिना दोन हजार धरले तर 24 हजार. घर भाड्याने दिल्यावर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल, ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. घरपट्टी 14 हजार धरते. पुणे महापालिकेची 40 टक्के सवलत मालक स्वतः राहत असेल तरच मिळते, तेव्हा सध्याच्या मालकाची पावती बघून फसू नका. दुरुस्तीला वर्षाचे 25 हजार बाजूला. हातात उरले 1 लाख 46 हजार. गुंतलेले पैसे मात्र 62 लाख नाहीत. 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 4 लाख 34 हजार, नोंदणीचे 30 हजार, आणि सुरुवातीच्या डागडुजीला किमान चार लाख. (खरेदी एकट्या बायकोच्या नावावर केलीत, तर मुद्रांकात 1 टक्का वाचतो.) गेले की सत्तर लाखांवर. परतावा शेकडा दोनच्या आसपास, तोही प्राप्तिकराच्या आधी. करात भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, पण दुरुस्तीवर शून्य खर्च करा नाहीतर चार लाख, ती तेवढीच.

मग लोक जुनी घरं घेतात कशाला? जमिनीतल्या वाट्यासाठी. इमारत पुनर्विकासाला गेली तर नवं, मोठं घर मिळेल ही आशा. ती आशा विकत घेण्याआधी सोसायटीच्या सचिवांना दोन गोष्टी विचारा. जमीन सोसायटीच्या नावावर करणारं कन्व्हेयन्स किंवा मानीव अभिहस्तांतरण झालंय का? नसेल तर जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर आहे. आणि शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, कधी झालं? तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. सचिव हसले, तर उत्तर मिळालं.

तुमचं घर या भाड्यावर चालणार असेल, तर घेऊ नका. तिसरा मजला, लिफ्ट नाही. ज्येष्ठ भाडेकरू येणार नाही, आणि दर वेळी गळती बघायला जिने चढायचे आहेत तुम्हालाच.

प्रश्न : दादरला पागडीची खोली विकाऊ आहे. घेऊन भाड्याने देता येईल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पागडीत तुम्ही घर घेत नाही, भाडेकरूचा हक्क घेता. मालक वेगळाच असतो आणि हस्तांतरात त्याचा वाटाही असतो. त्याच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवलात, तर खोली खाली करून मागायला त्याला कायदेशीर कारण मिळतं. स्वतः राहायला घ्यायची असेल तर वेगळा विचार. भाड्यासाठी, नाही.

प्रश्न : वडिलोपार्जित घराचा वरचा मजला 16 हजारांनी, 60 हजार डिपॉझिट घेऊन ओळखीतल्या मुलाला देतोय. 500 च्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला अकरा महिन्यांचा करार पुरेल ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही पुरणार. अकरा महिन्यांचा असला तरी लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो, आणि 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने ही जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू म्हणेल ते आधी खरं धरतात. तुम्ही वाचवताय किती, तेही बघा. अकरा महिन्यांचं भाडं 1 लाख 76 हजार, डिपॉझिटवर धरलेलं 10 टक्के व्याज साडेपाच हजार. एकूण 1 लाख 81 हजार 500 वर पाव टक्का मुद्रांक म्हणजे साधारण साडेचारशे रुपये. शहरात नोंदणी फी हजार. हे काम आता ऑनलाइन, घरबसल्या होतं.

मुलगा ओळखीतला आहे, तर करार करायला लाजू नका. आणि करारातच लिहा, वरच्या मजल्याची पाण्याची टाकी कोण धुणार. माझ्याकडे सगळ्यात जास्त भांडणं त्याचीच येतात.