‘युनॅनिमसली’चा नेमका अर्थ काय आणि ‘आम्ही गावकऱ्यांनी युनॅनिमसली नाला खोल केला’ हे बरोबर आहे का?

नाही, हे वाक्य चुकतंय. शब्दाच्या पोटातच कारण आहे. लॅटिनमध्ये ‘यूनस’ म्हणजे एक आणि ‘ॲनिमस’ म्हणजे मन. म्हणजे हा शब्द मनं जुळण्याचा, मत देण्याचा. हात जुळण्याचा नाही. आपल्याकडचं ‘एकमताने’ किंवा ‘सर्वानुमते’ त्याला अगदी चपखल बसतं.

आमच्या अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांचा रथ निघतो. शेकडो माणसं मिळून तो ओढतात. तिथे इंग्रजीत ‘टुगेदर’च म्हणायचं. ‘युनायटेडली’ हा शब्दही शब्दकोशात आहे, चूक नाही, पण आजच्या इंग्रजीत फार कमी भेटतो.

खरी गफलत होते ती ‘बिनविरोध’शी. मी गावच्या विकास सोसायटीचं इतिवृत्त बरीच वर्षं लिहिलं, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. निवडणुकीत एकाचाच अर्ज उरला तर मतदानच होत नाही, मग मतं जुळली की नाही हे कळणार कुठून? ते ‘अनऑपोज्ड’. एकदा ठरावावर 13 पैकी 11 संचालकांनी हात वर केले, दोघं तटस्थ बसले. विरोध कोणाचाच नव्हता, म्हणून मी सरळ ‘सर्वानुमते’ लिहिलं आणि इंग्रजी प्रतीत ‘युनॅनिमसली’. वरच्या कार्यालयाने कागद परत पाठवला, आणि बरोबरच केलं. तटस्थ माणसाने विरोध केला नाही हे खरं, पण होकारही दिलेला नाही. अशा वेळी ‘कोणाचाही विरोध न होता मंजूर’ लिहावं. एक जरी हात विरोधात गेला तर मग सरळ ‘बहुमताने’, म्हणजे ‘बाय मेजॉरिटी’.

आणखी एक. हा शब्द एकट्या माणसाला लावता येत नाही. ‘सरपंचांनी युनॅनिमसली ठरवलं’ याला काही अर्थ नाही. त्याच्या सोबत येणारी क्रियापदंही ठरलेली असतात: ॲग्री, डिसाइड, इलेक्ट, पास, रिजेक्ट. हो, रिजेक्टसुद्धा, प्रस्ताव एकमताने फेटाळताही येतो. उच्चारताना जोर ‘नॅ’वर द्या.

तुमच्या नाल्यासाठी असं लिहा: ‘वी युनॅनिमसली डिसायडेड टू डीपन द नाला अँड डग इट टुगेदर.’ अर्थात, ग्रामसभेत खरोखर सगळ्यांनी होकार दिला असेल तरच.