आदेश देता येत नसेल, तर ऑम्बुड्समनकडे जायचं कशाला?

तुम्ही विचारलंय की सरकारी कार्यालयाने अर्ज आठ महिने दाबून ठेवलाय, आणि ऑम्बुड्समन (सरकारी कारभाराबद्दलच्या लोकांच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी) तर नुसती शिफारस करतो, मग त्याच्याकडे जाऊन काय हाती लागणार?

मी लोकांना असे तक्रारअर्ज लिहायला मदत करतो. सुरुवातीला मलाही शिफारस म्हणजे विनवणीच वाटायची. पण त्याचं खरं हत्यार शिफारस नाही, फाइल मागवण्याचा अधिकार आहे. तुम्ही विचारता तेव्हा गप्प बसून चालतं. त्याने विचारलं की आतल्या टिपण्या, शेरे, कागद कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून होता, सगळं पुढे ठेवावं लागतं. पुष्कळदा फाइल पाठवायची वेळ आली की अडलेलं काम आपोआप हलतं. निकाल लागायच्या आधीच!

आणि शिफारशीलाही वजन असतं, कारण बहुधा तिच्यामागे संसद असते. ब्रिटनमध्ये हे पद 1967 साली आलं आणि लगेच झाक्सनहाउझेन प्रकरण पुढे आलं. नाझी छळछावणीतून वाचलेल्या काही जणांना परराष्ट्र खात्याने भरपाई नाकारली होती. तिथले पहिले ऑम्बुड्समन एडमंड कॉम्प्टन यांनी कागद तपासले आणि खात्याने प्रकरण नीट हाताळलं नाही असा अहवाल दिला. मंत्री जॉर्ज ब्राऊन यांनी आपला निर्णय बरोबरच होता असं संसदेत सांगितलं, आणि तरीही भरपाई दिली. कोणताही हुकूम निघालेला नव्हता.

मूळ कल्पना स्वीडनची, 1809 च्या राज्यघटनेतली. तिथल्या ऑम्बुड्समनला अधिकाऱ्यावर खटलाही भरता येतो. पण जगभर पसरला तो डेन्मार्कचा (1955) सौम्य नमुना, म्हणजे चौकशी करायची, दोष दाखवायचा, दुरुस्ती सुचवायची. आपल्याकडे 'लोकपाल' म्हटलं की लाचखोरीच आठवते. 1963 साली खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी हा शब्द सुचवला तो मात्र ऑम्बुड्समनसाठीच. ऑम्बुड्समनचं रोजचं काम लाच पकडण्याचं नसतं. दिरंगाई, दुर्लक्ष, पक्षपात, कारण न देता नकार, चुकीची माहिती, असा कंटाळवाणा पण माणसाला रडकुंडीला आणणारा कारभार तो तपासतो.

म्हणून अर्जात 'निर्णय अन्यायाचा आहे' एवढंच लिहू नका. निर्णय पटला नाही म्हणून तो सहसा बदलायला सांगत नाही. निर्णयापर्यंत कार्यालय कसं पोचलं, ते बघतो. त्याऐवजी असं लिहा: अमुक तारखेला अर्ज दिला, पोच ही, स्मरणपत्रं ही, उत्तर नाही, त्यामुळे माझं हे नुकसान झालं आणि मला हे हवंय. दोन पानांत बसवा. अधिकाऱ्याच्या स्वभावाबद्दल एक ओळही नको (हा मोह मी भल्याभल्यांना आवरताना पाहिलेला नाही).

त्याआधी कार्यालयाच्या प्रमुखाकडे लेखी तक्रार गेलेली हवी, नाहीतर अर्ज बहुधा परत येतो. मुदतही असते, कुठे वर्षाची, कुठे दोन वर्षांची, ती आधी बघा. आणि ऑम्बुड्समनकडे अर्ज दिल्याने अपिलाची किंवा कोर्टाची मुदत सहसा थांबत नाही, तेव्हा ती तारीख वेगळी लिहून ठेवा.