टॅबवर बरोबर, वहीत चूक

"टॅबवर पटापट गणितं सुटतात, स्टार मिळतात. वही उघडली की घोडं अडतं. टॅबची सवय लागली का हो?" प्राथमिकच्या मुलांचे पालक हे सतत विचारतात, शिक्षकही विचारतात. म्हणून तिसरीतल्या एका मुलीचं उदाहरण देते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

मुलगी लिहायचा कंटाळा करते, अशी आईची खात्री होती. वर्गशिक्षिकेकडे ॲपचा अहवाल होता: वजाबाकी पूर्ण, तिन्ही स्टार. सुरुवातीच्या भेटी स्क्रीनचा वेळ आणि हट्ट याभोवतीच फिरल्या. मग मुलीला माझ्यासमोर टॅब दिला आणि मी स्क्रीनपेक्षा तिच्या बोटाकडे लक्ष ठेवलं.

५२ − २७. पर्याय ३५, २५, २९, ७९. बोट थेट ३५ वर. लाल. मग २५. हिरवं, टाळ्या, पुढचं गणित.

"आधी पस्तीस का गं?"

"सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन."

"मग पंचवीस कसं सापडलं?"

"पस्तीस पुसट झालं ना. मग त्याच्यासारखं दिसणारं दाबलं."

"आणि वहीत?"

"वहीत काही पुसट होत नाही."

वही मागवली. तिथेही ३५ च होतं. म्हणजे चूक दोन्हीकडे एकच: हातचा न घेता मोठ्या अंकातून लहान अंक वजा करणं. वहीत ती दिसत होती, टॅबवर दुसऱ्या टिचकीत झाकली जात होती. चुकलेला पर्याय बाद होत गेला, तर चौथ्या टिचकीपर्यंत कुणाचंही उत्तर बरोबर येणारच. आळस नाही, व्यसन नाही. हे कळल्यावर आईचा चेहरा सैल झाला. अशा वेळी निदानापेक्षा निरीक्षण जास्त कामाला येतं, असं माझं ठाम मत आहे.

मी वर्तनवादी वळणाची, म्हणजे दिसणारं वागणं आणि त्यावर मिळणारं बक्षीस पाहणारी. त्यामुळे या विचाराचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आठवणारच. १९५० च्या दशकातल्या त्यांच्या शिकवण्याच्या यंत्रात मुलाने पर्याय निवडायचा नसे. उत्तर कागदी पट्टीवर स्वतः लिहायचं, मग बरोबर उत्तर समोर येई. बऱ्याच ॲपनी त्यांच्याकडून बक्षीस तेवढं उचललं, लिहिणं सोडून दिलं.

ते लिहिणं वर्गात परत आणता येतं. टॅब पालथा ठेवून गणित पाटीवर सोडवायचं, उत्तराला गोल करायचा, मग टॅब उलटून तेच उत्तर दाबायचं. लाल आलं तर दुसरी टिचकी नाही, पुन्हा पाटी. पाटीवरचं पहिलं उत्तर पुसायचं नाही, शिक्षकांना तेच हवं असतं. पर्यायांऐवजी अंक टाइप करायची सोय असेल तर ती निवडा. घड्याळ आणि टाळ्या बंद करा, घाईने अंदाज वाढतात. अँड्रॉइडवर स्क्रीन पिन, आयपॅडवर गाइडेड ॲक्सेस लावलं की मूल ॲपबाहेर भटकत नाही.

एका टॅबवर दोघं असतील तर एक पाटीवर सोडवेल, दुसरा दाबेल. दर तीन गणितांनी अदलाबदल. लॉगिन मात्र ज्याची पाटी त्याचं. नाहीतर ॲप एकाच्या हुशारीवर दुसऱ्याची पातळी चढवतं आणि अहवाल निरुपयोगी होतो. अहवालातही स्टारपेक्षा "पहिल्या प्रयत्नात बरोबर" हा रकाना असला तर तो पाहा.

या मुलीला आधी काड्या दिल्या. पाच जुड्या, दोन सुट्ट्या. सात सुट्ट्या मागितल्यावर ती थबकली, मग स्वतःच एका जुडीचा रबर काढला: चार जुड्या, बारा सुट्ट्या. त्यानंतरच टॅब.

"मग घरी टॅब बंद करू का?" आईने विचारलं.

नको. पंधरा मिनिटं, दहा गणितं, शेजारी पाटी. पहिल्या टिचकीत आठ बरोबर आली तर पुढची पातळी, नाहीतर त्या दिवशी काड्या. बोटाने अंक काढायचं ॲप कधीकधी अंक भलताच वाचतं. तेव्हा पाटीवरचं उत्तर बरोबर असेल तर ते बरोबर धरायचं.