३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५ या संख्येत खरंच काही गणित आहे, की नुसता योगायोग?

‘नुसता योगायोग’ हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. आठवीत असताना हेच मी माझ्या मोठ्या भावाकडून ऐकलंय.

गुणधर्म तुम्हाला माहीत असणारच. डावीकडून पहिले दोन अंक घ्या, २ ने निःशेष भाग जातो. तीन घ्या, ३ ने. असं करत पंचवीसच्या पंचवीस अंकांना २५ ने. दशमान पद्धतीत अशी याहून मोठी संख्या नाही.

माझी ओळख आधी झाली ती नऊ अंकी संख्येशी. १ ते ९ हे अंक एकेकदाच वापरायचे आणि अट हीच. वर्गातल्या मित्राने कोडं घातलं होतं. दादा म्हणाला, “३,६२,८८० मांडण्या आहेत, बस तपासत.” मी हट्टाने वही उघडली. पाचवा अंक ५, हे उघडच. सम जागी सम अंक, म्हणजे उरलेल्या जागी विषम. तिसरा विषम आहे म्हटल्यावर ४ च्या कसोटीने चौथा अंक २ किंवा ६ च. पहिल्या तिघांच्या बेरजेला ३ ने भाग जातो, पहिल्या सहांच्याही. मग मधल्या तिघांच्या बेरजेलाही जायलाच हवा. म्हणजे मधे २५८, नाहीतर ६५४. तिसरं काही शक्यच नाही! त्या ओळीखाली मी दोनदा रेघ मारली होती, अजून आठवतंय. मग ८ ची कसोटी लावली आणि साडेतीन लाखांतल्या दहा मांडण्या उरल्या. प्रत्येकीच्या पहिल्या सात अंकांना ७ ने भागत गेलो. नऊ ठिकाणी बाकी उरली. ३८१६५४७ ला मात्र भाग गेला, बरोबर ५४५२२१. उत्तर ३८१६५४७२९, आणि हे एकच.

दादाने वही हातातसुद्धा घेतली नाही. “योगायोग रे. यात गणित कुठलं?”

गणित हेच. तुमच्या संख्येचंही तसंच आहे. दहाव्या अंकापर्यंत पुढचा अंक कायम सापडतो. अकराव्यापासून बाक्या अकरा, बारा, तेरा होत जातात आणि हाताशी अंक मात्र दहाच, म्हणून रस्ते बंद होत जातात. एकूण पंचवीस अंकी संख्या, म्हणजे ९ × (१० चा २४ वा घात) घ्या आणि त्याला २५! ने, म्हणजे १ ते २५ या सगळ्यांच्या गुणाकाराने, भागा: अशा पंचवीस अंकी संख्या साधारण ०.५८ निघाव्यात असा अंदाज येतो. चोवीस अंकी दीडच्या आसपास, सव्वीस अंकी पावापेक्षाही कमी. म्हणजे हा खेळ पंचविशीच्या आसपास संपणार, हे संख्या न शोधताही कळतं. “प्रोग्रॅम लिहिला की सेकंदात सापडते” म्हणणाऱ्यांना हे एवढं आधी कागदावर करायला लावा. दादाला मी अजून लावू शकलेलो नाही.

आता एक कबूल करतो: शेवटी नेमके हेच पंचवीस अंक उरले, त्यामागे कारण मलाही दाखवता येणार नाही, आणि दशमान सोडून दुसरी पद्धत घेतली तर संख्याही वेगळी येईल. उपयोगाचं विचारलंत, तर व्यवहारात काही नाही.

पण सव्विसावा अंक लावून बघाच. १ लावला तर १३ ने भाग जातो, दुसऱ्या कुठल्याच अंकाने जात नाही. पण संख्या विषम होते आणि २६ हुकतो. २६ साधायला तिथे १४ हवा होता, आणि १४ नावाचा अंक आपल्याकडे नाही.